मेव्हणीबाई आणि गाळलेला मजकूर

गप्प बसून डॉक्टरेट मिळवलेली एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आहे, आणि ती माझी धाकटी मेव्हणी आहे. मानसिक आजारातून उठलेली माणसं पुन्हा घरादारात कशी रुळतात, हा तिचा संशोधनाचा विषय. प्रश्नावली, टक्केवारी असल्या गोष्टींशी तिचं वाकडं. धाड गावापासून उंद्रीपर्यंत कुणाच्याही ओसरीवर बसायचं, "सांगा ना, कसं कसं झालं," एवढंच म्हणायचं आणि मग तोंडाला कुलूप. समोरचा अर्धा तास सोयाबीनवरच बोलला तरी ही मान हलवत राहणार. आमच्याकडे राहायची तेव्हा घरीसुद्धा तेच. भाजी तिखट झाली म्हणावं, तर ही वही उघडून विचारणार, तिखट म्हणजे नेमकं काय वाटलं. सगळं बोलणं रेकॉर्ड करून जसंच्या तसं उतरवायचं. कुणी खोकलं तर "खोकला", थांबलं तर "लांब गप्प". मग तो कागद त्याच माणसाला वाचून दाखवायचा आणि बरोबर आहे का विचारायचं. पिंपळगाव राजाच्या एका आजोबांनी सगळं ऐकून एकच दुरुस्ती सुचवली: मधे ओरडलेली बकरी आमची नव्हे, शेजाऱ्याची. हिने तसं लिहिलं.

तिला मोटारसायकलवर फिरवणारा मी. तीन वर्षांपूर्वी माझंच डोकं फिरलं होतं. उपचार झाले, गोळी अजून चालू आहे, शाळेत पुन्हा मराठी शिकवायला लागूनही वर्ष झालं. पण घरात सगळे माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलतात. मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं तरी बायको "असू द्या" म्हणते आणि पिते. मी बरा झालो, असं कुणीतरी एकदा लिहून ठेवावं अशी माझी फार इच्छा होती. पण नातेवाइकाची मुलाखत घ्यायची नाही, हा मेव्हणीबाईंचा नियम. मला राग यायचा, तरी किक मारत राहिलो.

एकदा तिला ताप आला, म्हणून धाडच्या शिवणकाम करणाऱ्या भाभींचं रेकॉर्डिंग, त्यांना विचारून, तिने मला उतरवायला दिलं. मी पडलो मास्तर. भाभींची भाषा शुद्ध केली, गप्प जागा काढल्या, सासूच्या भांडणाचा घरगुती मजकूर गाळला आणि सुवाच्य अक्षरातली चार पानं तिच्या हातावर ठेवून शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. तिने ती वाचली, रेकॉर्डिंग ऐकलं, आणि मेव्हणीबाईंचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"भाऊजी, तुमाले कोनं सांगतलं हे शहाणपन? भाभी काय म्हनते, आयका. 'आजारी होती तवर सासू मले काहीच नाही बोले. मंग एक दिवस भांडाले लागली, तवा मले समजलं, मी बरी झाली.' अन् तुमी हेच खोडलं?"

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "हळू बोल वं, त्याइले तरास होईन."

"होऊ दे ना ताई. चुकले हायेत थे. बसून सारं पुन्हा लिवा, भाऊजी."

मी निमूट बसलो आणि सगळं पुन्हा लिहिलं. भाभींची एकेक गप्प जागा परत ठेवताना मला रडू येत होतं. आजारी पडल्यापासून माझ्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं.

प्रबंध संपवून ती आता दूर नोकरीला गेली आहे. माझी मुलाखत तिने शेवटपर्यंत घेतली नाही. घरात अजून सगळे हळूच बोलतात. कधी फार वाटलं तर मी तिला फोन लावतो, मुद्दाम काहीतरी चुकीचं सांगतो, आणि ती रागावेपर्यंत फोन ठेवत नाही.