संयुक्त फोटो, तीन प्रती

बावीस वर्षं मी ऑफिसात लोकांच्या पेन्शनच्या फायली तपासल्या. नवरा-बायकोचा एकत्र फोटो नसला, तर फाईल परत. बायकोचा पदर कपाळाखाली आलेला असला, तरी परत. दोन वेगळे फोटो जोडून आणले, तर बोलणी खाऊन परत. मग माझ्याच रिटायरमेंटची फाईल निघाली आणि आमचे हे फोटोला बसेनात.

अंबडच्या कारखान्यात फिटर म्हणून यांचा जन्म गेला, सरकारी कागदाशी संबंध नाही. फोटो कशाला, असं त्यांनी विचारलं आणि मी सरळ सांगून टाकलं : मी गेले की पेन्शन तुम्हाला सुरू होईल, तेव्हा नवरा तो हाच, हे ओळखायला. यांचा चेहरा उतरला. तू मरणार म्हणून मी नवा शर्ट घालून बसू का, असं म्हणून ते पेपर वाचायला लागले. कागद दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत द्यायचे होते. नाहीतर पेन्शन लांबली.

सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी त्यांच्या सासूची गोष्ट काढली. त्या काळी पेन्शन फक्त नोकरी केलेल्या माणसाची. त्यांच्या सासऱ्यांनी जन्मभर कचेरीत शिपायाचं काम केलं, सात महिने पेन्शन घेतली आणि ते गेले. त्याच महिन्यात पेन्शनही गेली. मागे राहिलेल्या बायकोला काही देण्याचा नियम फार नंतर आला. तोवर त्यांच्या सासूबाई पंचवटीत लोकांचे पापड लाटत होत्या.

"तुझ्या आजीला कुणी फोटोला बस म्हटलं असतं, तर पळत गेली असती," त्या लेकाला म्हणाल्या. "तू बस मुकाट्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टुडिओ गाठला. फोटोवाला म्हणाला, जरा जवळ सरका. बत्तीस वर्षांचा संसार, पण परक्या माणसासमोर खांद्याला खांदा लावायचा तर यांचे कान लाल झाले. ते पाहून मला हसू फुटलं, मला पाहून यांना. फोटोवाला 'रेडी' म्हणायचा की आम्ही पुन्हा सुरू. शेवटी त्याने सुचवलं, वेगवेगळे काढतो आणि कॉम्प्युटरवर जोडून देतो. हे त्याने नेमकं मला ऐकवलं. मी हसत हसत स्टुलावरून उतरून भिंतीला टेकले.

कसाबसा एक फोटो घेऊन ऑफिसात गेले. माझ्या टेबलावर आता मीच शिकवलेली मुलगी बसते. तिने फोटो उजेडात धरला.

"मॅडम, तुमचे डोळे मिटलेत. तुम्हीच सांगितलंय, डोळे दिसले पाहिजेत."

फाईल परत. तिचा राग आला, पण चूक काढता येईना.

दुपारी सासूबाईंना रिक्षात घालून स्टुडिओत नेलं. त्या कॅमेऱ्यामागे काठी टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आमच्याकडे एकदाच बघितलं. आम्ही दोघं ताठ. पोलिसांनी पकडून आणल्यासारखा फोटो आला आणि पावणेपाचला पास झाला.

परतताना रिक्षात हे म्हणाले, "काढला खरा, पण लागणार नाही. मीच आधी जाणार."

मग तीन प्रती फुकट गेल्या, मी म्हटलं. त्यावर यांना जे हसू आलं ते पार रामकुंडापर्यंत आवरेना, आणि मलाही. सासूबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"हसा आता," त्या म्हणाल्या. "फाईल गेली."