हादऱ्यात मोजायचे आकडे

कोयनानगरला भूकंपाचा हादरा बसला की लोक चहाचा कप बशीसकट उचलून धरतात. हादरा ओसरला की ‘आला वाटतं’ म्हणतात आणि उरलेला चहा पितात. मी मूळची खंडाळ्याकडची, मला हे कुठलं माहीत? बदली होऊन आले त्या वर्षी मधल्या सुट्टीत पहिला हादरा बसला तेव्हा हातातला डबा टाकून मी थेट पटांगणात उभी होते. पोरं आपली लंगडी खेळत होती. एकीने तर मला विचारलं, ‘बाई, तुमी पन खेळताय?’ त्या दिवसापासून मी भीती तोंडावर न दाखवायला शिकले.

म्हणून गेल्या वर्षी जतकडची ती मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात आली तेव्हा मला तिचं सगळं कळत होतं, आणि तरीही मी नेमकं चुकीचंच वागले.

तिचे वडील धरणाच्या कामावर कंत्राटी पहारेकरी म्हणून लागले होते. घरात आई आणि तान्हा भाऊ. गावाकडे टँकरची वाट बघत वाढलेल्या या पोरीला इथलं पाणी बघून पहिले आठ-दहा दिवस काय आनंद झाला होता! शाळेच्या नळाला हात लावून यायची, उगाचच. बोलायची नाही, पण हसायची. मग एका दुपारी गणिताच्या तासाला हादरा बसला. खिडकीची तावदानं वाजली, खडू टेबलावरून घरंगळला, बस्स. माझी पोरं जागची हलली नाहीत. ही मात्र उठली, दारातून, व्हरांड्यातून, फाटकातून सरळ घाटरस्त्यावर. तिथे समोरून वाळूचा ट्रक येत होता. चालकाने कचकन ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

तिला कवेत घेऊन मी आत आणलं आणि म्हणाले, ‘अगं, काही होत नाही. आता नाही येणार.’ अर्ध्या तासाने दुसरा आला. तिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मला तोंड लपवावंसं वाटलं. वर्गातली एक आगाऊ मुलगी म्हणालीच, ‘बाई, तुमी सारखं न्हाई येनार म्हनता, आन् येतंयच की वो!’

संध्याकाळी तिचे वडील आले. अंगावर पहाऱ्याचा निळा शर्ट, हातात टोपी. ‘मॅडम, रातीला झोपत न्हाई पोरगी. आईला सोडत न्हाई. आज तर गाडीखाली गेली असती. सांगलीला माझी भन हाय, तिच्याकडं ठेवतो हिला.’ पोरगी त्यांच्या मागे उभी होती. सांगली म्हटल्यावर तिने आईच्या नावाने जो हंबरडा फोडला, तो माझ्याने ऐकवला नाही. जायचं नव्हतं तिला. भिंती हलणाऱ्या घरातच राहायचं होतं, कारण त्या घरात आई होती.

मी म्हणाले, ‘थोडे दिवस द्या मला.’ ते टोपी फिरवत राहिले. ‘देतो मॅडम. पर पुन्यांदा अशी पळाली, तर मी थांबायचा न्हाई.’

मी काही फार हुशार बाई नाही. प्रशिक्षणाला गेले की मागच्या बाकावर बसून डुलक्या काढते. पण एक मला अनुभवाने कळलंय, की मुलाला जे दिसतंय ते नाही म्हणून सांगितलं, की ते मूल आपल्या हातून गेलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाढे बाजूला ठेवले आणि विचारलं, ‘हादरा आला की तुमच्या घरी कोण काय करतं?’ बापरे, मग काय विचारता! एकाची आजी देवघरातला दिवा धरून ठेवते. एकाचे वडील ‘झोप गप’ म्हणून कूस बदलतात. एकाची म्हैस आधीच हंबरते आणि मग घरातले सगळे म्हशीच्या तोंडाकडे बघत बसतात. हसून हसून पुरेवाट झाली. जतची पोरगी दाराशी बसून ऐकत होती. तीही जरा हसली. पहिल्यांदा तिला कळलं असावं की या पोरांनाही हादरा जाणवतो, फक्त ती पळत नाहीत.

दाराशी बसायची मोकळीक मीच दिली होती. ‘तुझी बस्करपट्टी तुला वाटेल तिथे टाक,’ म्हणाले. पहिल्या दिवशी तिने ती अर्धी उंबऱ्याबाहेर टाकली. मी ती तशीच राहू दिली. उत्तरं तोंडी विचारायचं मी त्या दिवसांत बंदच केलं. सगळ्यांनी पाटीवर लिहायचं आणि ‘वर’ म्हटलं की पाट्या वर. तिचीही पाटी वर यायची, उंबऱ्यावरून, आणि बहुतेक वेळा बरोबर असायची. हळूहळू पट्टी आत सरकली. कुणी तिला ‘आत ये’ म्हणायचं नाही, एवढा एकच नियम मी बाकीच्यांना घातला होता.

हादऱ्याचा सराव मात्र आम्ही रोज करू लागलो. मी टेबल खडखड वाजवायची, की दप्तर डोक्यावर, कपाटापासून लांब, आतल्या भिंतीशी उकिडवं बसायचं. आवाज थांबला की रांगेने पटांगणात आणि तिथे हजेरी. पहिले दोन दिवस ती दप्तर धरून दारातच गोठून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मी जवळ जाऊन बसले, तर ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु...’

‘काय गं हे?’

‘आकडं,’ ती म्हणाली. माझ्याशी बोललेला तिचा हा पहिला शब्द. ‘आजोळी मेंढरं मोजत्यात तसलं. मोजलं की बरं वाटतंय.’

तिचं आजोळ सरहद्दीपलीकडचं, आईची भाषा कानडी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी म्हणाले, ‘मला शिकव की.’ तिने शिकवलं. मग मी वर्गाला म्हणाले, ‘उद्यापासून हादरा थांबेपर्यंत आपण सगळ्यांनी मोठ्याने मोजायचं, आणि कानडीत मोजायचं. कुणाला येतं?’ कुणाला येणार! एकीलाच येत होतं. पोरांनी तिला उचलून भिंतीपाशीच नेलं म्हणा ना, कारण मोजणारी मधे नसली तर मागची सगळी चुकायची. ‘पुडं काय गं, पुडं काय?’ म्हणून तिचा फ्रॉक ओढायची. ती चिडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. घाबरायला तिला सवड कुठली?

आणि एका सकाळी खरा हादरा बसला, चांगला मोठा. कपाटाचं दार आपोआप उघडलं, वह्यांचा गठ्ठा खाली आला. मी त्याच कपाटाशी उभी होते. माझं सगळं ध्यान दाराकडे, की ही आता पळणार. दार मोकळंच होतं. भिंतीशी दप्तरांची रांग बसली होती आणि तिच्या मधोमध, रडवेल्या पण खणखणीत आवाजात, ‘ओंदु!’ मागून सगळा वर्ग ‘ओंदु!’ मग तीच ओरडली, ‘बाई, कपाटापासनं लांब! हिकडं या!’ मी गेले. तिच्याशेजारी उकिडवी बसले. तिने आपलं अर्धं दप्तर माझ्या डोक्यावर धरलं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

आम्ही पटांगणात रांगेत उभे होतो तेव्हा तिचे वडील धावत फाटकातून आत आले. एका पायात चप्पल नव्हती. आले ते थेट तिला उचलायलाच. तिने हात सोडवून घेतला. ‘आप्पा, हजेरी व्हायची हाय. हलायचं न्हाई.’ ते बिचारे तिच्या मागे रांगेत उभे राहिले, धापा टाकत. मी हजेरी पुरी केली आणि त्यांच्याकडे बघितलं. न्यायचंच ठरवलं असेल तर मी आता कुठल्या तोंडाने अडवणार होते?

तिनेच त्यांच्या खिशातला फोन मागितला. आईला लावला. भरभर कानडीत काहीतरी बोलत राहिली, मधेच थांबून ऐकत, परत बोलत. मला एक अक्षर कळलं नाही. तिने फोन परत दिला आणि पोरांच्या रांगेतून वर्गाकडे निघाली.

‘काय म्हणाली हो?’ मी विचारलं.

त्यांनी टोपीने तोंड पुसलं. ‘आईला म्हनतीया, भिऊ नगंस. आप्पाला घरी लावून देते, बाळाला त्यांच्याकडं दे. मला शाळा सुटल्याबिगर येता यायचं न्हाई.’

आणि ते खरंच घरी गेले, एकटेच.