‘नो पा’

पाटीवाल्या मामांनी तीस वर्षं शहरभर पाट्या रंगवल्या, पण कधी कुणाशी हुज्जत घातली नाही. परवा ते शिडीवर चढून ‘नो पार्किंग’ रंगवत असताना खाली उभ्या त्यांच्याच स्कूटरवर हवालदाराने दंडाची पावती चिकटवली.

“दंड भरा नि गप्प बसा,” मामी म्हणाल्या. मामा मात्र तडक वाहतूक कार्यालयात गेले.

“गाडी लावताना पाटी दिसली नाही?” साहेबांनी विचारलं.

“कशी दिसणार, साहेब? अक्षरं अजून रंगाच्या डब्यातच होती!”

साहेबांनी हवालदाराने काढलेला फोटो उघडला. पाटीवर नुसतं ‘नो पा’ एवढंच होतं. साहेबांना हसू आवरेना. त्यांनी दंड रद्द केला.

मामांना जिंकायची सवय नव्हती. रद्द झालेली पावती त्यांनी मामींना दाखवायला मागून घेतली.