मुकुटबनची म्हणून दिलेली माती

हे मी आजपर्यंत कोणाले सांगतलं नाही. भावाले नाही, बायकोले नाही, देवापुढं बसूनही नाही. आता तुम्ही बसलेच आहात तर ऐका. मधात टोकू नका — टोकलं तर माह्यानं पुढं बोलणं होणार नाही.

माही बायको गेली, त्याले दोन महिने झाले. रेणुका तिचं नाव, मी रेणू म्हणायचो. आता भाकर मीच थापतो. जाडी होते, मधात कच्ची राहते, तशीच खातो. पण मले तिच्याबद्दल नाही सांगायचं. म्हणजे — तिच्याबद्दलही आहे. येतो तिथं.

महाराष्ट्र नवीनच झाला होता तवा मी यवतमाळले एका कालेजात प्रयोगशाळेचा शिपाई होतो. चौथी शिकलेला. काचेची भांडी धुवायची, उकळायची, कापसाची बुचं वळायची, एवढंच काम. तिथं एक सर होते. पुण्याकडले, बारीक अंगाचे, शिपायालेही तुम्ही म्हणणारे. त्यांले येड एकच — माती. मातीत जंतू असतात, अन् त्यातला एखादा आपल्या अंगातून असं औषध सोडतो की भोवतालचे दुसरे जंतू मरतात. त्या औषधाचा सगळ्यात बारीक कण म्हणजे रेणू. "हा रेणू कुठून येतो तेच शोधायचंय," असं सर म्हणत. मी घरी येऊन सांगतलं तर बायको पोट धरून हसली. "तुमच्या सरले म्हना, रेणू माहेराहून आली अन् तुमच्या घरी फसली. शोधता कायले?"

सरांनी बाटल्या दिल्या. कळंबची माती पाहिजे, फुलसावंगीची पाहिजे, मुकुटबनची पाहिजे. वावरातली, चार बोटं खालची, हात न लावता, तापवलेल्या चमच्यानं. वर गावाचं नाव लिहायचं. कळंब, फुलसावंगी मी इमानदारीनं केलं. मुकुटबन राह्यलं. जाऊन-येऊन दोन दिवसांचं काम. अन् त्याच दोन दिवसांत जवळच्या गावी शंकरपट होता.

आता तुमच्या मनात येईल, बैलं पळताना पाहायसाठी? फक्त तेवढ्यासाठी? हो. तेवढ्यासाठीच. घरी कोणी आजारी नव्हतं, मोटर चुकली नव्हती. मी पट पाहत बसलो अन् आरडून आरडून घसा बसवला.

घरी आलो तर बाटली रिकामी. आंगणात बायकोनं भिंत पोतारायले आणलेला पांढरीचा ढीग. शेताची माती ती काळी, अन् जिथं माणसं पिढ्यान् पिढ्या राह्यली ती पांढरी — आमच्याकडं लेकरालेही कळते. तिच्या माहेराजवळ एक रीठ होतं, कवाचं उठून गेलेलं गाव. तिथून तिनं डोक्यावर टोपलं भरून आणली होती. मी चमचा तापवला — तेवढं नेमानं केलं, पहा — अन् त्या ढिगातून बाटली भरली. वर लिहिलं, मुकुटबन.

"मुकुटबनले गेलते म्हनता, अन् टोपीवर पटाचा गुलाल?" बायको म्हणाली.

"तू आपली भिंत पाह्य," मी म्हटलं. ती उठून गेली. पुढं काय झालं ते तिले मी कधी कळू दिलं नाही.

बाकीच्या बाटल्यांतून काही निघालं नाही. मुकुटबनच्या बाटलीतून निघालं. काचेच्या बशीत एक भुरकट ठिपका, अन् त्याच्या भोवती स्वच्छ गोल, तिथं एकही जंतू उगवला नाही. सरांनी माहा हात धरून मले नेलं दाखवायले. "बघा, हे तुमच्यामुळं," म्हणाले.

उन्हाळ्यात ते जंतू मेले. बशांवर बुरशी चढली. बाटलीतली माती तर संपलीच होती. सर घाबरले नाहीत. जागा ठाऊक आहे ना, म्हणाले.

जागा!

तीन खेपा मी त्यांले मुकुटबनले नेलं. एका कास्तकाराच्या वावरात बोट दाखवलं — इथून घेतली. सर उन्हात गुडघ्यावर बसून काळी माती उकरत, अन् मी छत्री धरून उभा. त्या मातीतून काहीच निघालं नाही. घरचा ढीग भिंतीले लागून गेला होता. पण रीठ तर होतं! एक शब्द बोललो असतो तर रेणूनं दुसऱ्या दिवशी टोपलं आणून दिलं असतं. हे मले तवा कळत नव्हतं काय? कळत होतं.

मग सरांचं काम तपासायले बाहेरून एक मोठे साहेब आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "जंतू नाही, माती नाही. मग वहीत लिहिलेलं खरं कशावरून?" सरांनी मले बोलावलं. "हे गृहस्थ खोटं बोलणारे नाहीत. सांगा, माती मुकुटबनचीच ना?"

"हो साहेब. मुकुटबनचीच."

तवापासून कारकून लोक व्हरांड्यात सरले टोमणे मारत — "काय सर, मुकुटबनहून काही चिठ्ठीचपाटी?" सर हसून पुढं जात. वर्षभरात त्यांनी काम सोडलं.

रिठात नेमकं कुठं खणायचं ते रेणूलेच ठाऊक होतं. एवढी वर्षं एका घरात राह्यलो, विचारलं नाही. विचारलं तर काहून विचारतो ते सांगावं लागलं असतं. आता त्या रिठावर नांगर फिरला, अन् ती गेली.

एक राह्यलं. खरं म्हणजे तेच सांगायचं होतं, अन् मी भोवतीच फिरून राह्यलो.

सर गाव सोडून गेले त्या दिवशी त्यांची ट्रंक मीच मोटरस्टँडवर नेली. दुसरं कोणी आलं नव्हतं. मोटर सुटायले वेळ होता. सर माह्याकडं न पाहता म्हणाले, "मला वाटतं, मीच चुकीचं पाहिलं असेल. तसा गोल नसेलच बशीत."

तो गोल मी पाहिला होता. त्यांच्या बाजूले उभा राहून, याच डोळ्यांनी.

मी ट्रंक टपावर चढवली, खाली उतरलो, अन् म्हटलं — "असन साहेब, तसंच असन."