मामीच्या बाजूचं चाक

माझा मामा चष्मे बनवायचा. म्हणजे दुकानात पुढे उभा राहून विकायचा नाही, मागच्या अरुंद खोलीत बसून काच घासायचा, फ्रेमच्या मापाने कापायचा आणि खोबणीत बसवायचा. एकोणतीस वर्षं त्याने हेच केलं. पाव मिलिमीटरचा फरक त्याला नुसत्या बोटाला कळायचा. त्यामुळे आपल्या हाताला काहीही जमतं असा त्याचा समज झाला होता, आणि तो खोडून काढायला आमच्याकडे काही कारण नव्हतं. घरातली घड्याळं, इस्त्री, माझ्या आईचं शिलाई मशीन, सगळं त्यानेच वेळोवेळी चालतं केलं होतं.

गाडीला मात्र त्याने कधी हात लावला नव्हता. फिक्या हिरव्या रंगाची, बुटकी, चोवीस वर्षांची गाडी. ती एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जायची. ज्या वर्षी मामीला अर्धांगवायूचा झटका आला, त्याच वर्षी मिस्त्रीने गॅरेज बंद केलं आणि तो लेकीकडे राहायला गेला. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, "काका, हिचे पार्ट मिळत नाहीत आता. काढून टाका."

काढून टाकणं शक्यच नव्हतं. मामीची डावी बाजू गेली होती. या गाडीची सीट खाली होती आणि दार चांगलं रुंद उघडायचं, म्हणून तिला आधी पाठमोरी बसवून मग एकेक पाय उचलून आत घेता यायचा. नव्या उंच गाड्यांत तिला चढता येत नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तिला इस्पितळातल्या व्यायामाच्या केंद्रात न्यावं लागे. माझी शाळा सकाळची, म्हणून मीही बरोबर जायची. तिथे दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये मामी चालायची. पहिल्या आठवड्यात ती चार पावलं चालली. तीन महिन्यांनी अकरा.

तर मामाने गाडी स्वतःच दुरुस्त करायचं ठरवलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड पुस्तक आणलं, त्याला कव्हर घातलं आणि वहीत टिपणं काढायला सुरुवात केली. मामी म्हणाली, "अहो, परीक्षा आहे का तुमची?"

"तेल बदलायचंय फक्त," मामा म्हणाला.

गाडीखाली तेल सोडायचे दोन बोल्ट असतात, एक इंजिनचा आणि एक गिअरबॉक्सचा. मामाने गिअरबॉक्सचा उघडला. खालच्या पातेल्यात मधासारखं स्वच्छ तेल पडलं. ते पाहून तो खूश झाला. मिस्त्रीने किती चांगलं तेल वापरलं होतं बघ, असं मलाच दाखवायला लागला. मग त्याने वरून इंजिनमध्ये नवं तेल ओतलं, जुनं सगळं आत असताना. गाडी सुरू केली तेव्हा मागून निळसर धूर निघाला आणि तो संपेचना. गल्ली भरून गेली. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी वाळत टाकलेले कपडे ओढून आत घेतले. तिथल्या शिंपीणबाईंचे दोन शिवून तयार झगे मात्र बाहेरच राहिले. कोणीतरी अग्निशमन दलाला फोन केला आणि ते आलेही. मामा हातात पुस्तक घेऊन फाटकापाशी उभा होता. त्यांच्या म्होरक्याने विचारलं, "आग कुठे आहे?" मामा म्हणाला, "आग नाही. तेल बदलतोय."

पलीकडच्या गल्लीतला स्कूटरवाला मिस्त्री गंमत बघायला आला होता. त्याने गाडीखाली डोकावून हळूच विचारलं, "काका, तेल काळं निघालं का पिवळं?"

"पिवळं."

"मग ते इंजिनचं नव्हतं," तो म्हणाला. तो हसला नाही, हे मला अजून आठवतं. बाकी सगळे हसले. पुढे कितीतरी दिवस मामा बाहेर पडला की कोणीतरी विचारायचंच, "काय, आज काळं की पिवळं?"

मामी पण हसली होती, झटक्यानंतर पहिल्यांदाच मनापासून, अर्ध्या तोंडाने. मामाला त्याचंच इतकं बरं वाटलं की लाज वाटायची राहून गेली. झगे त्याने स्वतः तीन वेळा धुतले, डाग काही गेले नाहीत.

त्यानंतर हॉर्नची भानगड झाली. स्टिअरिंगवरचं सैल झाकण बसवताना आतली एक तार कुठेतरी दाबली गेली. त्यामुळे गाडी डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. हे आम्हाला कळलं इस्पितळाच्या फाटकातून आत वळताना, शांतता राखा या पाटीखाली. वळण मोठं होतं. पहारेकरी हात जोडत धावत आला. मामी म्हणाली, "आपण आलोय हे कळलं सगळ्यांना." त्या दिवशी मामा सगळी उजवीकडची वळणं शोधत घरी आला आणि पंधरा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला.

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. मामा हट्टाला पेटला होता, पण शिकतही होता. गिअरबॉक्स वाचला, हॉर्न गप्प झाला. मग पुढच्या ब्रेकमधून खरखर यायला लागली.

शुक्रवारी सकाळी त्याने जॅक लावून मामीच्या बाजूचं पुढचं चाक काढलं. ब्रेक साफ केला, चाक परत चढवलं. चाकाचे नट आधी हाताने आवळायचे, मग गाडी खाली उतरवायची आणि मग पान्याने पक्के करायचे, अशी रीत असते. मामाला ती पाठ होती, वहीत अधोरेखित केलेली होती. दुपारी आम्ही निघालो. मी मागे बसले होते. बँकेच्या चौकात गाडी थोडी डगमगली, मामा म्हणाला, "रस्ता खराब आहे," आणि पुढच्याच क्षणी मामीची बाजू धाडकन खाली बसली. लोखंड रस्त्यावर घासत गेल्याचा आवाज झाला. आमचंच चाक आमच्या पुढे, सरळ, अगदी सावकाश घरंगळत गेलं आणि फुलवाल्याच्या बादल्यांना जाऊन धडकलं.

कोणाला काही लागलं नाही. गाडीचा वेगच तेवढा नव्हता. फुलवाला चाक घेऊन आला. माणसं जमली, कोणीतरी फोटो काढला. मामी उजव्या हाताने डावा हात छातीशी घट्ट धरून बसली होती. तिला बाहेर काढायला चौघे लागले, आणि चौघांचे हात लागल्याचं तिच्या तोंडावर दिसत होतं. तिला बँकेच्या पायरीवर बसवलं. तिथे सगळ्यांसमोर तिचे कपडे ओले झाले. मी माझी ओढणी तिच्या मांडीवर पसरली. मामा चाकाकडे बघत उभा होता.

तीन दिवसांनी गाडी पुसता पुसता तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हाताने आवळले होते मी. पान्याने आवळणार तेवढ्यात तिने आतून हाक मारली. बाथरूमला जायचं होतं. मी पळत गेलो. परत आलो तेव्हा वाटलं, झालंय."

"मग हे सांग ना तिला," मी म्हणाले.

"नाही." त्याने फडका पिळला. "पुन्हा हाक मारणार नाही ती. तशीच बसून राहील. तू पण बोलायचं नाहीस."

मी बोलले नाही. मंगळवारी गाडी फाटकाशी उभी राहिली, तर मामी म्हणाली, "आज पाय दुखतोय." शुक्रवारी डोकं जड होतं. पुढच्या मंगळवारी ती नुसतं "नको" म्हणाली. मामाने स्कूटरवाल्या मिस्त्रीला बोलावलं, चारही चाकं तिच्या खिडकीसमोर तपासून घेतली. मिस्त्री तिला म्हणाला, "काकू, गाडी एकदम ठणठणीत आहे."

"असेल," मामी म्हणाली. मग बराच वेळ शब्द जुळवून तिने मामाला सांगितलं, "मला गाडीची भीती नाही वाटत हो."

मग भीती कशाची, हे विचारायचं सोडून मामा आपल्या हातांकडे बघत राहिला. नट का राहून गेले हे मामाने तिला सांगितलं असतं तर दोन वाक्यांत सगळं मिटलं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही. त्याने सांगितलं असतं आणि तिने ते तो म्हणाला तसंच मनाला लावून घेतलं असतं.

भाड्याची गाडी दोनदा बोलावली. एकदा चढतानाच ती घसरली, दुसऱ्यांदा चालकच थांबायला तयार नव्हता. केंद्रातल्या बाईंनी घरी यायचं कबूल केलं, पण त्यांना पाच आठवड्यांनी वेळ मिळाला. आल्यावर त्यांनी मामीचा पाय वाकवून पाहिला, पुन्हा पाहिला. बाहेर ओट्यावर येऊन त्या मला म्हणाल्या, "इतका खंड पडायला नको होता. सांधा धरलाय. आता उभं करण्याच्या मागे लागू नका, जपा फक्त." मामा मागेच उभा होता. त्याने ऐकलं आणि त्यांना फाटकापर्यंत सोडून आला.

आपल्या हातावरचा त्याचा भरवसा त्यानंतर पार गेला. कडी लावली की तो परत जाऊन बघायचा. गॅसचं बटण बंद केल्यावर मला विचारायचा, "बंद आहे ना?" चष्म्याच्या दुकानात त्याला अधूनमधून अवघड कामासाठी बोलवायचे, तिथेही त्याने जाणं सोडलं. गाडी भंगारात न्यायला क्रेन आली त्या दिवशी मी शाळेत होते. पावसाने भिजलेल्या फाटकाशी गाडीएवढी एक चौकोनी कोरडी जागा तेवढी राहिली होती.

मामी अजून त्याच खोलीत आहे, खिडकीकडे तोंड करून. आता तिचा उजवा हातही थकलाय. मी जाते तेव्हा मामा तिला चमच्याने भरवत असतो. परवा मी दारातच थांबले होते. घास पुढे करून त्याने विचारलं, "गरम नाही ना?" तिने मान हलवली. तरी त्याने चमचा परत आपल्या ओठाला लावून पाहिला. मग पुन्हा विचारलं.

"नाही म्हटलं ना," मामी म्हणाली, आणि तोंड उघडलं.