निळी पट्टी

कॉलेजच्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवत मॅडमनी सव्वीस वर्षांत एकोणीस ढाली आणल्या. दुसऱ्या कॉलेजांच्या तोंडचं पाणी पळायचं, ते उगाच नाही. कुणी गुडघा धरून बसली, की मॅडम खिशातली निळी पट्टी तिच्या अंगावर फेकायच्या. "बांध आणि उतर. रडायला घर आहे."

त्यांच्या निरोपसमारंभाला पहिल्या ढालीची कॅप्टन आली. जेमतेम पंचेचाळिशीची, पण स्टेजच्या चार पायऱ्या चढायला तिला लेकीचा खांदा लागला.

"अगं, हे काय?" मॅडम उठल्याच.

"दोन्ही गुडघे कामातून गेले, मॅडम. चालायचंच." तिने पर्समधून धुऊन घडी घातलेली निळी पट्टी काढली. "ही द्यायची राहिली होती."

ती मनापासून हसत होती. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या, तर मॅडमना सोसलं असतं.