बघितल्याशिवाय सही नाही

माझी बायको सुलभा आज समोर बसून तांदूळ निवडतेय, ती सहीवाल्या बाईंमुळे. हे आधी सांगून टाकतो. आठवीत शाळा सुटलेला माणूस मी, मांडणी करून लिहायची सवय नाही. नाहीतर बाकीचं सांगता सांगता नेमकं हेच राहून जायचं.

बाईंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण मुंबईच्या वेशीवरच्या आमच्या पेणकरपाड्यात ते कुणी घेत नसे. रक्त तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टर, गिरगावातून इकडे राहायला आलेल्या. एका आगरी काकींच्या घराची पुढची खोली भाड्याने घेऊन तिथे लॅब चालवायच्या. मशीनने आकडा दिला तरी बाईंचं समाधान होत नसे. नळी खिडकीच्या उजेडात धरायच्या, तिरकी करायच्या, चष्मा कपाळावर सारून पुन्हा बघायच्या आणि मग सही. घाई करणाऱ्याला म्हणायच्या, "अहो, सही आहे ही, बसचं तिकीट नाही टराटरा फाडायला."

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. मी जवळच्याच पूनम सागर वसाहतीत एका टॉवरवर वॉचमन. सुलभाच्या हृदयाची झडप सरकारी योजनेतून बदलली. ऑपरेशन झालं, हात जोडले, वाटलं सुटलो. मग कळलं की रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्मभर, आणि गोळी किती द्यायची हे ठरवायला रक्ताची तपासणीही जन्मभर. इंग्रजी रिपोर्ट हातात आला की मी तो नुसता उलटसुलट करून बघायचो. बाईंनी तो पहिल्यांदा माझ्या हातून घेतला, ओळीवर बोट ठेवून मराठीत मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, "शिगवण, तुमच्याकडे पेज करतात ना? रक्त पेजेसारखं पाहिजे. भात झाला तर झडप अडकेल, नुसतं पाणी झालं तर जरा खरचटलं तरी थांबणार नाही. कळलं?" कळलं. हॉस्पिटलात इतक्या जणांनी सांगून जे शिरलं नव्हतं, ते पेजेने शिरलं.

एकदा मध्येच शंका आली म्हणून बाईंनी स्वतः सुलभाचं रक्त तपासलं, मशीनचा आकडा छान आला होता. बाईंनी नळी तिरकी केली आणि थांबल्या. तळाशी मोहरीएवढी गुठळी. "गुठळी झालेल्या रक्ताचा हा आकडा खोटा आहे. सुलू, हात दे परत." दुसऱ्या वेळी खरा आकडा आला आणि गोळी बदलावी लागली. तेव्हापासून सुलभा दुसरीकडे रक्त द्यायला घाबरायची.

पण द्यावं लागायचं. पुढची तपासणी आणि गोळ्या योजनेतूनच मिळायच्या, आणि हॉस्पिटलात योजनेतल्या लॅबचाच रिपोर्ट चालायचा. तशी लॅब मुंबईच्या पार दुसऱ्या टोकाला. सुलभा एकटी जाऊ शकत नसे, म्हणजे दर खेपेला माझा खाडा. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणायचा, "शिगवण, तू वॉचमन आहेस का पेशंट? अजून एक खाडा कर आणि गावची गाडी पकड." म्हणून सुलभा खोटं बोलायला लागली. "मला बरं वाटतंय हो, पुढच्या खेपेला जाऊ." एक दिवस तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले आणि दात घासताना रक्त थांबेना. मी तिला धरून बाईंकडे पळालो. त्यांनी तपासलं, हॉस्पिटलला स्वतः फोन लावला.

त्यानंतर त्यांनी आपली लॅब योजनेत घ्यावी म्हणून अर्ज केला. तपासायला साहेब आले. पूर्णवेळ डॉक्टर आहे, मशीन आहे, कचऱ्याची सोय आहे. पण रक्त घ्यायला वेगळी खोली पाहिजे, ती नव्हती. काकी मागून म्हणाल्या, "बाय, माजी पडवी दाखव ना. माजी काय हरकत न्हाय." साहेबसुद्धा माणूस चांगला, हळूच म्हणाला, "दाखवा मॅडम, मी लिहितो."

बाई म्हणाल्या, "पडवीत काकी सुकट वाळवते. तिथे मी रक्त घेणार नाही, तर दाखवू कशी?"

साहेब गेल्यावर मी बाईंच्या पायाशी बसलो. "बाई, नुसतं कागदावर दाखवा हो. माझी नोकरी जाईल, नाहीतर ही जाईल."

"कागदावर खोली दाखवली की रक्तही कागदावरच तपासायचं का, शिगवण?" मला त्या दिवशी त्यांचा राग आला. फार राग आला.

पूनम सागरला एक मोठी लॅब होती. एसी, सोफे, खोल्याच खोल्या. तिलाही योजनेने नाकारलं होतं, कारण तिथे सही करणारा डॉक्टर कधी यायचाच नाही. तिचा शेठ बाईंकडे आला. "मॅडम, आपको आने की भी जरूरत नहीं. सिर्फ साइन दे दो."

"सही म्हणजे काय हळदीकुंकवाचं वाण आहे, घरोघर वाटायला?" बाईंनी त्याला हाकललं. मग तो रस्त्याला लागायच्या आत हाक मारली. "थांबा. साइन नहीं, मैं आऊंगी. रोज. और देखे बिना एक रिपोर्ट नहीं जाएगा."

आणि बाईंनी स्वतःची लॅब बंद केली. त्या वयात, स्वतःच्या नावाची पाटी स्वतः उतरवली. काकी रडत होत्या. बाई म्हणाल्या, "रडतेस काय? त्यांच्याकडे जागा आहे, डॉक्टर नाही. माझ्याकडे डॉक्टर आहे, जागा नाही. मग कोणी उठून जायचं, भिंतींनी?"

शेठच्या लॅबची पुन्हा तपासणी झाली तेव्हा तेच साहेब आले. बाई खिडकीशी नळी धरून उभ्या. "दोन मिनिटं थांबा," म्हणाल्या, "एवढी होऊ दे." लॅब योजनेत आली. सुलभाची तपासणी माझ्या टॉवरपासून चालत जाण्याच्या अंतरावर आली. खाडे थांबले. डाग गेले.

यंदा बाईंचे डोळे गेले. एकदम नाही, आधी मधलं दिसेनासं झालं, पडद्याला भोक पडावं तसं. एक दिवस नळी खिडकीशी धरली, तिरकी केली, पुन्हा केली, आणि शेजारी काम करणाऱ्या मुलीला विचारलं, "बघ गं, गुठळी आहे का?" मुलीने नाही म्हणून सांगितलं. बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. शेठ गयावया करत होता. "मॅडम, मशीन सब बताता है. किसको पता चलेगा?"

"मला पता चलेगा," बाई म्हणाल्या.

मी दारात उभा होतो. बाई गेल्या की दुसरा डॉक्टर येईपर्यंत योजना बंद, पुन्हा ते मुंबईचं टोक, पुन्हा सुपरवायझर, हे सगळं मला दिसत होतं. जिभेवर शब्द आले होते की बाई, एवढी एक सही करा. ते गिळले. या वेळी राग नाही आला.

सुलभाचा रिपोर्ट आदल्या दिवशी सही झालेला, शेवटचा. नेहमीसारखा मी तो बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला. "आज तुम्ही वाचा."

मी ओळीवर बोट ठेवलं. अडखळलो, एक अक्षर चुकलो, त्यांनी ते ऐकूनच दुरुस्त केलं. आकडा मात्र बरोबर वाचला.

"मग? काय झालंय?"

"पेज आहे, बाई."

त्या हसल्या, पण माझ्याकडे बघून नाही, आवाजाच्या अंदाजाने.

आता त्या अलिबागला भाचीकडे असतात. इथे नवा डॉक्टर अजून मिळालेला नाही. येत्या सोमवारी आम्हाला पुन्हा लांब जायचंय, आणि सुपरवायझरला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. रात्री झोप लागत नाही. पण ड्यूटीवर बसल्या बसल्या मी पेपर मोठ्याने वाचायची सवय करतोय. टॉवरमधली पोरं हसतात, "अंकल, न्यूज चॅनल खोला क्या?" हसू देत. बाई, एक दिवस मी सुलभाला घेऊन अलिबागला येईन. तुम्ही मला जन्मभराचे रिपोर्ट वाचून दाखवलेत. मी तुम्हाला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अख्खा पेपर वाचून दाखवीन. आणि रोज कोणीतरी वाचून दाखवायला हवं असेल, तर तिथे वॉचमनची जागा रिकामी आहे का, विचारून ठेवा.